०४११ आणि ०४१९ यांच्यामधले सात फोटो

आत्याने तिचा जुना कॉम्पॅक्ट कॅमेरा माझ्या हाती दिला तेव्हा तिची मागणी अगदी साधी होती. कार्डावरचे सगळे फोटो संगणकावर उतरवून द्यायचे आणि त्यांत आजोबांचे खिडकीजवळ बसलेले काही फोटो सापडतात का ते पाहायचे. ते फोटो आपण नक्की काढले होते, हे ती गेली अनेक वर्षे सांगत आली आहे. घरात इतरांनी मात्र ते नकळत पुसले गेले असावेत असे केव्हाच ठरवून टाकले होते. मी कार्ड रीडरमध्ये घालून उघडले, फाइली नावाच्या क्रमाने लावल्या आणि एका ठिकाणी थबकलो. ०४११ या क्रमांकाच्या फोटोनंतर थेट ०४१९ क्रमांकाचा फोटो होता. ०४११ वर १२ नोव्हेंबर २००६ ही तारीख होती आणि ०४१९ वर ३ डिसेंबर २००६. मधले सात क्रमांक कार्डावर नव्हते.

क्रमांकातली ही तूट काय सांगते, हे समजण्यासाठी कॅमेरा फाइलींना नावे कशी देतो ते माहीत असावे लागते. जवळजवळ सर्व डिजिटल कॅमेरे डीसीएफ या एकाच नियमावलीने चालतात. कार्डाच्या मुळाशी डीसीआयएम नावाचे एक फोल्डर असते आणि त्याच्या आत १०० ते ९९९ पैकी एखाद्या तीन आकडी संख्येने सुरू होणारी, पुढे पाच अक्षरे असलेली फोल्डरे असतात. प्रत्यक्ष फाइलीच्या नावात आधी चार अक्षरे आणि मग चार आकडे येतात, व हे आकडे ०००१ पासून ९९९९ पर्यंत जातात. आत्याच्या कॅमेऱ्यात क्रमांक अखंड ठेवण्याची सोय निवडलेली होती. म्हणजे कार्ड बदलले किंवा रिकामे केले, तरी कॅमेरा शेवटचा क्रमांक स्वतःजवळ लक्षात ठेवून पुढचा देतो. याचा अर्थ असा की त्या तीन आठवड्यांत शटरचे बटण किमान सात वेळा दाबले गेले होते आणि सात फाइली निर्माण झाल्या होत्या. आत्याचे म्हणणे खरे होते. प्रश्न एवढाच उरला की त्या फाइली गेल्या कोठे.

पहिला संशय अर्थातच फोटो पुसले गेल्याचा होता. पुसलेला फोटो परत मिळू शकतो ही गोष्ट अनेकांना चमत्कारासारखी वाटते, पण त्यामागचे कारण सरळ आहे. कार्डावर एक नोंदवही असते. त्या काळच्या २ जीबीपर्यंतच्या एसडी कार्डांवर ती फॅट१६ पद्धतीची असे. कार्डाची सारी जागा समान आकाराच्या लहान खणांत विभागलेली असते आणि कोणत्या फाइलीचा मजकूर कोणकोणत्या खणांत ठेवला आहे, हे नोंदवही सांगते. खण ३२ केबीचा असेल तर २ एमबीचा एक फोटो ६४ खण व्यापतो. आपण ‘पुसा’ म्हणतो तेव्हा कॅमेरा हे ६४ खण स्वच्छ करत बसत नाही. तो नोंदवहीतील फाइलीच्या नावाच्या पहिल्या अक्षराच्या जागी ‘नोंद रद्द’ अशी एक ठरलेली खूण करतो आणि ते खण मोकळे झाले असे लिहून ठेवतो. पुढचा एखादा फोटो त्या खणांत येऊन पडेपर्यंत जुना मजकूर तेथेच असतो. बहुतेक कॅमेऱ्यांतले साधे फॉरमॅटही याच जातीचे असते, कारण त्यात नोंदवही कोरी होते आणि खण तसेच राहतात.

म्हणून फोटो हरवल्याचे लक्षात येताच त्या कार्डावर काहीही नवीन लिहू नये, आणखी एक फोटो काढून ‘कार्ड चालते का’ हे पाहण्याचा मोहसुद्धा टाळावा, असे मी पुन्हा पुन्हा सांगतो. मी कार्डाच्या बाजूचा कुलपाचा खटका खाली सरकवला. या खटक्याविषयी एक गैरसमज दूर करायला हवा. तो कार्डाच्या आतील कोणत्याही सर्किटला जोडलेला नसतो. खटका कोठे आहे हे रीडर पाहतो आणि स्वतःहून लिहिण्याचे थांबवतो. त्यामुळे खटक्याची खूण न जुमानणारा रीडर असेल, तर खटका असून नसल्यासारखाच आहे. तेवढ्यावर न विसंबता मी संपूर्ण कार्डाची, मोकळ्या जागेसकट, खण न् खण उतरवलेली एक प्रत संगणकावर घेतली, मूळ कार्ड बाजूला काढून ठेवले आणि पुढचे सारे काम त्या प्रतीवर केले.

शोधासाठी मी फोटोरेक हा मुक्त प्रणालीत मोडणारा प्रोग्रॅम वापरला. तो नोंदवहीकडे पाहतच नाही. जेपेग फाइल ठरावीक बाइट्सनी सुरू होते, त्या बाइट्स तो सबंध प्रतीत शोधत जातो आणि तेथून पुढचा मजकूर फाइल म्हणून वेगळा काढतो. या पद्धतीत मूळ नावे मिळत नाहीत. शिवाय एखाद्या फोटोचे खण सलग नसतील तर तो अर्धाच हाती येतो किंवा त्याचा खालचा भाग दुसऱ्याच फोटोचा निघतो. येथे एक सवय नडते. बाहेर फिरताना कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहून मधलेच चार-दोन फोटो पुसणारे बरेच जण असतात. अशाने कार्डावर मध्ये मध्ये लहान पोकळ्या तयार होतात, पुढचे फोटो त्या पोकळ्यांत तुकड्या-तुकड्यांनी बसतात आणि पुढे कधी कार्ड बिघडलेच तर हे तुकडे जुळवणे फार कठीण होते. कार्डावर जागा आहे तोवर नकोसे फोटोही राहू द्यावेत आणि निवड घरी, मोठ्या पडद्यावर, प्रत झाल्यानंतरच करावी, असे माझे ठाम मत आहे.

आत्याच्या कार्डातून एकतीस पुसलेले फोटो निघाले. काही हललेले होते, काही अंधारे होते, एक नुसत्या जमिनीचा होता. आजोबांचा एकही नव्हता. ते सात फोटो पुसले गेले असते तर निदान एखाद्याचा तुकडा तरी दिसायला हवा होता, कारण कार्ड कधीच पूर्ण भरलेले नव्हते आणि मोकळ्या जागेत त्याहून जुने फोटो शाबूत सापडत होते. तेव्हा मला वाटू लागले की हे फोटो या कार्डावर कधी आलेच नसावेत.

मी आत्याला फोन करून विचारले, त्या दिवसांत तिच्याकडे दुसरे कार्ड होते का. नव्हते. मग ती सहज म्हणाली की हे एकमेव कार्ड त्या सुमारास फोटो छापून आणण्यासाठी दिलेले होते आणि ते बरेच दिवस परत आले नव्हते. या एका वाक्याने सगळा उलगडा झाला. मी कार्ड न घालताच कॅमेऱ्यात बॅटरी घातली, झाकण बंद केले आणि कॅमेरा चालू केला. पडद्याच्या कोपऱ्यात कार्डाच्या चिन्हाऐवजी अंतर्गत मेमरीचे लहानसे चिन्ह आले आणि त्यापाठोपाठ आजोबा दिसले, खिडकीपाशी, उजव्या हाताला प्लास्टर घातलेले.

कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यातली अंतर्गत मेमरी ही अशी विसरली जाणारी जागा आहे. कार्ड नसतानाही खरेदीनंतर लगेच दोन-चार फोटो काढता यावेत, एवढ्यासाठी अनेक कॅमेऱ्यांत ती दिलेली असते. या कॅमेऱ्यात ती १६ एमबीची आहे. पाच मेगापिक्सेलचा, चांगल्या दर्जाचा एक फोटो साधारण २ एमबीचा धरला, तर सात फोटोंनी ती जवळजवळ भरते. घोटाळ्याचे मूळ हे की कार्ड आत असले की कॅमेरा फक्त कार्डच दाखवतो आणि अंतर्गत मेमरीत काही आहे याची पुसटशी सूचनाही देत नाही. कार्ड परत आले, आत्याने ते घातले, फोटो दिसेनात आणि सर्वांनी ते पुसले गेले असे मानले. प्रत्यक्षात ते त्याच कॅमेऱ्यात, कार्डाच्या खाचेपासून बोटभर अंतरावर पडून होते.

आणखी एक गोष्ट लक्षात आल्यावर मला खरोखर भीती वाटली. कार्ड आत नसताना मेनूतून फॉरमॅटची आज्ञा दिली, तर असे कॅमेरे अंतर्गत मेमरी कोरी करतात. ‘कार्ड नाही, मग काय पुसले जाणार’ असे म्हणून कोणीही ते बटण दाबू शकले असते. ज्यांच्याकडे असा जुना कॅमेरा आहे त्यांनी तो कोणाला देण्याआधी किंवा कपाटात ठेवण्याआधी एकदा कार्ड काढून, चालू करून पाहावा.

फोटो सापडले, पण ते बाहेर कसे काढायचे हा पुढचा प्रश्न होता. अंतर्गत मेमरी कार्ड रीडरमध्ये घालता येत नाही. कॅमेऱ्याला यूएसबीचे भोक होते, पण ते मिनी-यूएसबीसारखे दिसणारे आणि प्रत्यक्षात वेगळ्याच आकाराचे. त्या काळी कॅमेरे बनवणाऱ्या कित्येक कंपन्या एकाच भोकातून संगणकाचा आणि दूरचित्रवाणीचा संकेत नेता यावा म्हणून स्वतःची जोडणी वापरत. मूळ केबल हरवली की कॅमेरा ठीक असूनही त्याच्याशी बोलण्याचा मार्ग बंद होतो. मेनूत मात्र अंतर्गत मेमरीतून कार्डावर प्रत करण्याचा पर्याय मिळाला. त्यासाठी मी आत्याचे मूळ कार्ड वापरले नाही, कारण त्यावर काही लिहायचे नाही असे मी ठरवलेले होते. हाताशी ८ जीबीचे एक कार्ड होते, ते घातले तर कॅमेऱ्याने कार्ड सदोष असल्याचा संदेश दिला.

कार्डात दोष नव्हता. १९९९ मध्ये जाहीर झालेल्या मूळ एसडी पद्धतीत कार्डाची क्षमता २ जीबीपर्यंत होती. २००६ मध्ये आलेल्या एसडीएचसी पद्धतीने ती ३२ जीबीपर्यंत नेली आणि २००९ मधील एसडीएक्ससी पद्धतीने २ टीबीपर्यंत. तिन्ही कार्डांचा आकार, जाडी आणि सोनेरी पट्ट्या सारख्याच असल्यामुळे नवे कार्ड जुन्या कॅमेऱ्यात सहज बसते, पण त्यातील पत्ते मोजण्याची रीत वेगळी असल्याने जुना कॅमेरा ते वाचू शकत नाही. उलट दिशेने अडचण येत नाही, म्हणजे नव्या कॅमेऱ्यात जुने कार्ड चालते. शेवटी एका मित्राकडून १ जीबीचे जुने कार्ड आणले, ते या कॅमेऱ्यातच फॉरमॅट केले, आणि तसे करताना पडद्यावर कार्डाचेच चिन्ह आहे ना हे तीनदा पाहिले. मग सातही फोटोंची प्रत त्यावर घेतली. कार्डावर लिहिणे चालू असताना लुकलुकणारा दिवा पूर्ण विझेपर्यंत मी कॅमेरा टेबलावर ठेवून हात मागे घेतला होता.

त्या दिव्याला मी फार मान देतो. शटर दाबल्यानंतर संवेदकावरचा प्रकाश आकड्यांत बदलतो, प्रोसेसर त्यातून रंग तयार करतो, चित्राचे ८ गुणिले ८ पिक्सेलचे चौकोन पाडून जेपेगचे आकुंचन होते, मग फाइल तात्पुरत्या मेमरीत थांबते आणि तेथून कार्डाकडे जाते. पाच मेगापिक्सेलच्या चित्राला प्रत्येक पिक्सेलमागे तीन बाइट धरले तर १५ एमबी लागतील, ते २ एमबीत बसते ते या आकुंचनामुळे. एवढे सगळे पडद्यावर चित्र दिसून गेल्यावरही चालू असते. त्या क्षणी बॅटरीचे झाकण उघडले किंवा कार्ड ओढून काढले, तर अपुरा राहिलेला एक फोटो जाईलच, पण नोंदवही अर्धवट लिहिली गेली तर आधीचे शेकडो फोटोही दिसेनासे होऊ शकतात. संगणकावरही तेच लागू आहे. फाइली पोहोचल्याची पट्टी पूर्ण झाली तरी कार्ड ‘सुरक्षितपणे काढा’ असे सांगूनच बाहेर घ्यावे.

केबल असती तर काय झाले असते, हेही सांगायला हवे, कारण बहुतेक लोक केबलनेच फोटो उतरवतात. केबलने जोडलेला कॅमेरा संगणकाशी दोन प्रकारे बोलतो. एका प्रकारात तो स्वतःला साध्या डिस्कसारखा दाखवतो. फोल्डरे दिसतात, फाइली दिसतात आणि संगणक थेट नोंदवहीत लिहू शकतो. दुसऱ्या प्रकाराला पीटीपी म्हणतात. २००० साली ठरलेल्या या पद्धतीत संगणक कॅमेऱ्याकडे फोटोंची यादी मागतो, त्यातला एकेक फोटो मागून घेतो आणि नोंदवहीला स्वतः हात लावत नाही. मला पीटीपी अधिक सुरक्षित वाटते. कॅमेऱ्याच्या मेनूत या दोन्हींपैकी निवड करता येत असेल आणि संगणकाला कॅमेरा दिसतच नसेल, तर केबल बदलण्याआधी हा पर्याय बदलून पाहावा. अनेकदा अडचण तेवढीच असते.

तरीही कार्ड हाताशी असेल तर मी रीडरच वापरतो. यूएसबी २.० चा कागदावरचा वेग सेकंदाला ४८० मेगाबिट, म्हणजे ६० एमबी आहे. प्रत्यक्षात मिळणारा वेग त्याहून बराच कमी असतो आणि जुन्या कॅमेऱ्याच्या आतील चिप तो आणखी खाली आणते. त्याहून मोठे कारण बॅटरीचे आहे. हजार फोटो उतरत असताना मध्येच कॅमेऱ्याची बॅटरी संपणे हा धोका रीडरमध्ये नसतो. अलीकडच्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांतून वाय-फायने फोनवर फोटो पाठवता येतात, आणि ते सोयीचे आहेच. परंतु काही अ‍ॅप्स आपण मुद्दाम बदलले नाही तर मूळ फाइलीऐवजी २ मेगापिक्सेलची लहान प्रत पाठवतात. फोनच्या पडद्यावर ती झकास दिसते. पुढे कार्ड पुसले गेले की ती लहान प्रतच मूळ ठरते. संदेशांच्या अ‍ॅपवरून फोटो म्हणून पाठवलेल्या चित्राचेही तसेच आहे. त्याचे पुन्हा आकुंचन होते आणि सोबतची तारखेची माहितीही बहुधा गळून पडते.

या विषयाकडे मी इतक्या काटेकोरपणे पाहू लागलो त्यामागे माझी स्वतःची एक चूक आहे. काही वर्षांपूर्वी मी माझ्या कॅमेऱ्यात दर वेळी क्रमांक ०००१ पासून सुरू करण्याची सोय निवडली होती, कारण ती नीटनेटकी वाटत असे. एका सहलीचे फोटो संगणकावरच्या एका फोल्डरमध्ये ठेवले, कार्ड फॉरमॅट केले, दुसऱ्या सहलीला गेलो आणि परत आल्यावर ते फोटोही त्याच फोल्डरमध्ये टाकले. संगणकाने विचारले की याच नावाच्या फाइली आधीच आहेत, त्यांच्या जागी या ठेवायच्या का. मी घाईत सर्वांसाठी ‘हो’ म्हटले. पहिल्या सहलीचे चौसष्ट फोटो त्या एका ‘हो’ने नाहीसे झाले. कार्डावर शोध घेतला, पण त्याच खणांवर दुसऱ्या सहलीचे फोटो येऊन बसलेले होते. मोठ्या फोटोंपैकी एकही परत मिळाला नाही.

मिळाल्या त्या फक्त काही टिकल्यांएवढ्या प्रतिमा. कॅमेरा प्रत्येक जेपेगच्या सुरुवातीला, एक्झिफ नावाच्या माहितीच्या भागात, १६० गुणिले १२० पिक्सेलची एक छोटी प्रतिमा ठेवतो. कॅमेऱ्याच्या पडद्यावर एकदम नऊ फोटो झटकन दिसतात ते त्या प्रतिमांमुळे. एखाद्या बिघडलेल्या कार्डावर यादीत फोटो दिसतो, पण उघडला की राखाडी पट्टा येतो, याचेही हेच कारण आहे. सुरुवातीचा भाग शाबूत असतो आणि पुढचा गेलेला असतो. माझ्याकडे त्या सहलीतल्या अकरा फोटोंच्या अशा प्रतिमा आहेत. माणसे ओळखू येतात, चेहऱ्यावरचे भाव दिसत नाहीत.

तेव्हापासून माझी पद्धत ठरून गेली आहे. प्रत्येक वेळी उतरवलेल्या फोटोंसाठी तारखेच्या नावाचे नवे फोल्डर करतो, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे फोल्डरे आपोआप काळाच्या क्रमाने लागतात. कार्डावरून फाइली ‘हलवत’ नाही, त्यांची फक्त प्रत घेतो. हलवण्याच्या आज्ञेत पोहोचवणे आणि पुसणे एकाच दमात होते आणि पोहोचले की नाही हे पाहायला मध्ये वेळच मिळत नाही. प्रत झाल्यावर फाइलींची संख्या आणि एकूण बाइट्स दोन्हीकडे सारखे आहेत का ते पाहतो. महत्त्वाचे फोटो असतील तर प्रत्येक फाइलीची एसएचए-२५६ ही अंकीय ओळख काढून जुळवतो, कारण एका बाइटचा फरक असला तरी ही ओळख पूर्ण बदलते आणि डोळ्यांना न दिसणारी चूकही पकडली जाते. त्यानंतर दुसऱ्या डिस्कवर प्रत जाते. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ चा संकेत मी पाळतो, म्हणजे एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यांपैकी एक घराबाहेर. हे सगळे झाल्यावरच कार्ड कॅमेऱ्यात परत जाते आणि कॅमेऱ्यातच फॉरमॅट होते.

कार्ड हेच साठवणुकीचे ठिकाण समजणारे लोक मला नेहमी भेटतात. कार्ड भरले की डबीत ठेवायचे आणि नवे घ्यायचे, ही रीत मला पटत नाही. फ्लॅश मेमरीत प्रत्येक बिट हा अतिशय सूक्ष्म कप्प्यात अडकवलेल्या विद्युतभाराच्या रूपात असतो. तो भार वर्षानुवर्षे थोडा थोडा झिरपत असतो, उष्णतेत अधिक वेगाने, आणि डबीत पडलेल्या कार्डाला तो पुन्हा भरून देणारे कोणी नसते. आत्याच्या कॅमेऱ्यातील अंतर्गत मेमरीही फ्लॅशच असल्यामुळे ते सात फोटो इतक्या वर्षांनंतर धडपणे उघडले, याचे मला मनापासून समाधान वाटते. आणखी एक अडचण वाचण्याच्या साधनांची आहे. २००२ मध्ये ऑलिंपस आणि फुजीफिल्म यांनी आणलेली एक्सडी कार्डे किंवा त्याआधीची स्मार्टमीडिया कार्डे ज्यांच्याकडे असतील, त्यांनी ती वाचणारा रीडर मिळतो आहे तोवर रिकामी करून घ्यावीत. एसडीच्या सर्वत्र प्रसारामुळे ही दोन्ही मागे पडली आणि नव्या संगणकांत त्यांच्यासाठी खाच नसते.

सात फोटो हाती आल्यावर एक काम उरले होते. त्यांच्यावर तारीख होती १ जानेवारी २००५, आणि पहिल्याची वेळ होती मध्यरात्रीनंतर ४७ मिनिटे. खिडकीतून तर ऊन येत होते. बॅटरी बराच काळ बाहेर राहिली की कॅमेऱ्याचे घड्याळ मूळ तारखेवर परत जाते आणि नवी बॅटरी घातल्या क्षणापासून तेथूनच चालू लागते. आत्याने तारीख न लावता फोटो काढले होते आणि कार्ड परत आल्यावर आतेभावाने ती लावली होती, म्हणून ०४१९ वर पुन्हा खरी तारीख होती. तारीख खोटी असली तरी फोटोंमधली अंतरे खरी असतात. पहिल्या आणि सातव्या फोटोत ३८ मिनिटांचे अंतर होते, म्हणजे सातही एकाच बैठकीत काढलेले. क्रमांकांमुळे ते १२ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर २००६ या काळातले आहेत एवढेही निश्चित होते.

पुढचे आत्याने सांगितले. आजोबांच्या उपचारांचे कागद तिने जपून ठेवले आहेत आणि त्यांत प्लास्टर काढल्याची तारीख २२ नोव्हेंबर, बुधवार अशी आहे. फोटोंत प्लास्टर आहे. पाचव्या फोटोत मागे सगळी मुले जमिनीवर बसलेली दिसतात, म्हणजे शाळेला सुट्टी असलेला दिवस. १२ नोव्हेंबरचा रविवार ०४११ मध्ये आलेला होता, तेव्हा मध्ये एकच रविवार उरत होता, १९ नोव्हेंबर. ऊन तिरपे आणि पिवळे होते. ती खिडकी पश्चिमेची आहे, असे आत्या म्हणाली.

मूळ सात फाइलींना मी हात लावलेला नाही. त्या खोट्या तारखेसह जशाच्या तशा तिन्ही ठिकाणी ठेवल्या आहेत. त्यांची आणखी एक प्रत घेऊन, एक्झिफमधील माहिती बदलणाऱ्या एक्झिफटूल या प्रोग्रॅमने सातही वेळा सारख्याच अंतराने पुढे सरकवल्या, म्हणजे मधली ३८ मिनिटे तशीच राहिली, आणि पहिल्या फोटोवर १९ नोव्हेंबर २००६, संध्याकाळचे पाच असे लिहिले. वर्णनाच्या रकान्यात तारीख अंदाजाने लावल्याची नोंद केली. मग त्या प्रती आत्याच्या संगणकावर, ०४११ आणि ०४१९ यांच्या मध्ये नेऊन ठेवल्या.